चित्र कशाचं लावायचं?

व्हिजन बोर्ड करायला फारसं काही लागत नाही. एक कार्डशीट, कात्री, फेव्हिकॉल, चार जुनी मासिकं आणि रविवारची मोकळी दुपार. समुद्राकडे तोंड केलेली गॅलरी, पांढरी एसयूव्ही, सपाट पोट, आयफेल टॉवर, पदवीदानाची काळी टोपी, जे जे हवं ते कापायचं आणि चिकटवायचं. मधोमध आपला एक हसरा फोटो. मग सकाळी डोळे उघडल्या उघडल्या दिसेल अशा जागी तो कागद टांगायचा आणि रोज पाच मिनिटं त्याच्याकडे बघत ‘हे सगळं मला मिळालेलंच आहे’ असं मनात आणायचं. पुढचं विश्व बघून घेईल.

हे शेवटचं वाक्य सोडलं तर या उद्योगात हरकत घेण्यासारखं काही नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. मिळालं तर मिळालं, नाही तर कार्डशीटचे पैसे गेले. माझी हरकत मात्र त्या मधल्या पाच मिनिटांवरही आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी नेमकी तीच पाच मिनिटं तपासून पाहिली आहेत, आणि त्यातून जे निघालं ते व्हिजन बोर्डच्या कार्यशाळेत सहसा कुणी सांगत नाही.

कल्पना अमेरिकेतली, आणि दिसते त्याहून जुनी. नेपोलियन हिल यांच्या ‘थिंक अँड ग्रो रिच’ या १९३७ सालच्या पुस्तकात हवी असलेली रक्कम कागदावर लिहून दिवसातून दोनदा मोठ्याने वाचायला सांगितलं आहे. शक्ती गवेन यांच्या ‘क्रिएटिव्ह व्हिज्युअलायझेशन’मध्ये (१९७८) चित्रांचा फलकच येतो, त्याला त्या ‘ट्रेझर मॅप’ म्हणतात. घराघरात तो पोचला २००६ नंतर. ऑस्ट्रेलियातल्या टीव्ही निर्मात्या रॉन्डा बर्न यांनी त्या वर्षी ‘द सीक्रेट’ हा चित्रपट आणि त्याच नावाचं पुस्तक आणलं, पुढच्याच वर्षी ऑप्रा विन्फ्रीने ते आपल्या कार्यक्रमात घेतलं, आणि मग थांबायचं नावच नाही. त्यात जॉन असाराफ या उद्योजकाची एक गोष्ट आहे. नव्या घरात खोकी उघडताना त्यांना आपला जुना व्हिजन बोर्ड सापडला, आणि त्यावर जे घर चिकटवलं होतं त्याच घरात आपण राहायला आलो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येईल अशी गोष्ट आहे. फक्त ज्यांनी घर चिकटवलं आणि अजून भाड्याच्या खोलीत राहतात, त्यांना खोकं उघडताना कॅमेऱ्यासमोर कुणी बसवत नाही.

आपल्याकडे हा प्रकार कार्यशाळांच्या आधी नेटवर्क मार्केटिंगच्या सभांमधून आला. तिथे पहिल्याच भेटीत ‘तुमचं स्वप्न काय?’ असं विचारतात. गाडी म्हणालात की गाडीचा फोटो पाकिटात ठेवायला सांगतात, शोरूममध्ये जाऊन तिच्यात बसून या म्हणतात. याच सभांमध्ये येल विद्यापीठाचा दाखलाही हमखास निघतो: १९५३ च्या तुकडीतल्या फक्त ३ टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येयं लिहून काढली होती आणि वीस वर्षांनी त्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकूण संपत्तीहून जास्त भरली. कधी येलच्या जागी हार्वर्ड असतं. १९९६ मध्ये ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकन मासिकाने या अभ्यासाचा माग काढला. तो सांगणाऱ्या वक्त्यांना विचारलं, विद्यापीठाला विचारलं. असा अभ्यास झालेलाच नव्हता. तरी तो अजून सांगितला जातो, आकड्यांसकट.

दुसरा लाडका दाखला मेंदूचा. मेंदूच्या बुंध्यात ‘रेटिक्युलर अ‍ॅक्टिव्हेटिंग सिस्टिम’ नावाचं चेतापेशींचं जाळं आहे आणि व्हिजन बोर्ड पाहून ते आपल्या ध्येयाला ‘ट्यून’ होतं, असं सांगतात. जाळं खरं आहे. जुझेप्पे मोरुझ्झी आणि होरेस मॅगून यांनी १९४९ मध्ये ते दाखवून दिलं. पण त्याचं मुख्य काम आपल्याला जागं ठेवण्याचं आहे. गाडी घ्यायचं ठरवलं की रस्त्यावर तीच गाडी जास्त दिसू लागते हा अनुभव खराच आहे; पण गाडी दिसणं वेगळं आणि तिचा हप्ता भरणं वेगळं.

या दाखल्यांच्या गर्दीत एक मात्र जरा थांबून पाहावा असा आहे. जिम कॅरी. कामासाठी धडपडत असताना या विनोदी नटाने स्वतःच्याच नावे एक कोटी डॉलरचा चेक लिहिला, ‘अभिनयाच्या मोबदल्यात’ असं त्यावर घातलं, काही वर्षं पुढची तारीख टाकली आणि तो पाकिटात ठेवला. ती तारीख यायच्या आत ‘डम्ब अँड डम्बर’ या सिनेमामुळे तेवढी रक्कम मिळणार असं त्याला कळलं. हे त्याने १९९७ मध्ये ऑप्राच्या कार्यक्रमात सांगितलं आणि तेव्हापासून ते प्रत्येक कार्यशाळेत सांगितलं जातं. त्याच मुलाखतीत पुढे तो म्हणाला होता की नुसती कल्पना करून सँडविच खायला निघून गेलं तर काही होत नाही. हा भाग कार्यशाळेत गळतो. त्या चेकच्या काळात कॅरी रात्री क्लबमध्ये उभा राहून लोकांना हसवत होता, लोक हसले नाहीत की घरी जाऊन नक्कल बदलत होता. पाकिटात चेक होता आणि हाताला काम होतं. दोन्हींतलं कशामुळे काय झालं हे एका माणसाच्या गोष्टीवरून ठरत नाही. त्यासाठी पुष्कळ माणसं लागतात.

गॅब्रिएल एटिंगन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी ती गोळा केली. सुरुवात वजनापासून झाली. अमेरिकेत वजन कमी करण्याच्या एका वर्षभराच्या उपक्रमात दाखल झालेल्या २५ स्त्रियांना त्यांनी आधी सरळ विचारलं: जमेल असं वाटतं का? मग काही प्रसंग अर्धवट सांगून पुढचं मनात रंगवायला लावलं. उपक्रम संपलाय, आज बऱ्याच दिवसांनी मैत्रीण भेटणार आहे, काय होईल? समोर डोनटची प्लेट आली, काय कराल? काहींनी मैत्रिणीचे विस्फारलेले डोळे पाहिले आणि डोनट सहज बाजूला सारले. काहींना तो डोनट आपल्याकडे बघतोय असं दिसलं. वर्षानंतर वजनं घेतली. ‘जमेल’ असा विश्वास असलेल्यांचं वजन विश्वास नसलेल्यांपेक्षा सुमारे १२ किलोंनी जास्त उतरलं होतं. इथपर्यंत व्हिजन बोर्डवाले खूश होतील. पण ज्यांनी यश सहज, गोड, विनासायास रंगवलं होतं, त्यांचं वजन अडचणी दिसलेल्या बायकांपेक्षा सुमारे ११ किलोंनी कमी उतरलं. हा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणजे आत्मविश्वास आणि मनोराज्य या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या, आणि त्या उलट दिशांना ओढतात. एकट्या वजनाचीच गोष्ट असती तर योगायोग म्हणता आला असता. एटिंगननी पुढे हेच इतर ठिकाणी तपासलं. शिक्षण संपवून नोकरी शोधणाऱ्या जर्मन तरुणांमध्ये ज्यांना छान नोकरीची चित्रं वारंवार दिसत होती त्यांनी दोन वर्षांत अर्ज कमी पाठवले, त्यांना नोकरीचे देकार कमी आले आणि पगारही कमी मिळाला. असं का होतं, याचा एक धागा २०११ मध्ये हाती लागला. हेदर कॅप्स यांच्याबरोबर केलेल्या प्रयोगात काही तरुणींना उंच टाचांच्या बुटांत आपण किती झोकात दिसतोय हे रंगवायला सांगितलं आणि रक्तदाब मोजला. वरचा आकडा खाली आला. शरीर काम संपल्यासारखं सैलावलं होतं. मनातले मांडे खाऊन पोट भरत नाही, पण भूक मात्र मरते असं दिसतंय.

अर्थात ज्याला खरोखर जरा सैलावायचंय, त्याला हे चांगलंच आहे. दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट बघणाऱ्याने खुशाल गोव्याचा किनारा रंगवावा. अडचण होते ती उठून काहीतरी करायचं असतं तेव्हा.

मग चित्रं काढूच नयेत का? काढावीत; पण कशाची, हा प्रश्न. लिएन फाम आणि शेली टेलर यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत सहामाहीच्या तोंडावर आलेल्या विद्यार्थ्यांचे गट पाडले. एका गटाने रोज पाच मिनिटं निकाल डोळ्यांसमोर आणायचा: यादी लागली आहे, आपल्या नावापुढे उत्तम ग्रेड आहे, छाती फुगली आहे. दुसऱ्या गटाने रोज पाच मिनिटं अभ्यास डोळ्यांसमोर आणायचा: टेबलाशी बसलोय, नोट्स उघडल्यात, धडा चाळतोय. १९९९ मध्ये छापून आलेल्या या प्रयोगात दुसऱ्या गटाने जास्त तास अभ्यास केला आणि त्यांना गुण जास्त मिळाले. निकाल पाहणाऱ्यांनी अभ्यासाला वेळ कमी दिला. पाच मिनिटं दोघांचीही तेवढीच होती.

खेळाडू पूर्वीपासून हेच करतात, म्हणून त्यांचं उदाहरण व्हिजन बोर्डच्या बाजूने दिलं की मला गंमत वाटते. मायकेल फेल्प्स रोज झोपताना आणि उठताना शर्यत डोळ्यांसमोर पोहून काढायचा. पदकाचं चित्र नव्हे, शर्यत: उडी, हात, वळण, भिंत. त्यात बिघडलेल्या शर्यतीही असायच्या. त्याचे प्रशिक्षक बॉब बोमन यांनी एकदा शर्यतीआधी मुद्दाम त्याच्या गॉगलवर पाय दिला होता. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत गॉगलमध्ये पाणी शिरलं आणि शेवटी शेवटी त्याला काही दिसेना. हातांचे फेरे मोजत तो भिंतीपर्यंत पोचला. १ मिनिट ५२.०३ सेकंद, सुवर्णपदक आणि विश्वविक्रम.

आता कार्डशीटकडे येऊ. समजा, घरात बसून ब्लाउज शिवणाऱ्या एका बाईंना बाजारपेठेत आपलं छोटं दुकान काढायचं आहे. कार्यशाळेत त्या गेल्या तर काचेचा दरवाजा, एसी आणि पुतळ्यांना नेसवलेल्या पैठण्या असं चित्र लावून येतील. ते कोपऱ्यात राहू दे. नको म्हणायचं कारण नाही, कुठे जायचंय ते कळलं पाहिजे. पण कार्डशीटची तीन चतुर्थांश जागा अजून रिकामी आहे.

तिथे पहिली लावायची ती मशीनची माहिती. पिको-फॉलचं मशीन आपल्याकडे नाही म्हणून साड्या दुसऱ्या दुकानात जातात आणि साडीबरोबर ब्लाउजही जातो. म्हणून सेकंडहँड मशीनचा फोटो, खाली किंमत, त्याखाली आजवर बाजूला पडलेली रक्कम पेन्सिलीने. पेन्सिल यासाठी की आकडा दर शनिवारी बदलायचा आहे. मग आकडे लहान करायचे. बँडुरा आणि शंक यांनी १९८१ मध्ये वजाबाकीत कच्च्या असलेल्या मुलांना ४२ पानांची गणितं दिली होती. ‘सात बैठकींत सगळी संपवा’ असं सांगितलेल्या मुलांपेक्षा ‘बैठकीला सहा पानं’ असं सांगितलेली मुलं कितीतरी जास्त शिकली आणि त्यांना गणित आवडूही लागलं. एकूण काम दोघांनाही तेवढंच होतं. तेव्हा ‘वर्षात दुकान’ याऐवजी ‘दिवाळीपर्यंत मशीन’ आणि ‘आठवड्याला अस्तराचे सहा ब्लाउज’ लिहिलेलं बरं.

आणि मग अडचण. एटिंगनच्या पद्धतीत ही जागा मोक्याची आहे: आधी इच्छा, मग तिची फलश्रुती, लगेच त्याच्या शेजारी आपल्यातला अडथळा. हा क्रम उलटा केला तर परिणाम होत नाही, हेही त्यांनी तपासलं आहे. अडथळा म्हणजे महागाई किंवा जागेचं भाडं नव्हे, ते तर आहेतच. आपल्या आतला शोधायचा. या बाईंच्या बाबतीत तो मला ठाऊक आहे, कारण असं काम करणाऱ्या बहुतेक बायकांच्या बाबतीत तो तोच असतो: ओळखीच्या माणसाकडे पैसे मागवत नाहीत. जाऊबाईंचे तीन कटोरी ब्लाउज, शेजारच्या काकूंच्या पडद्याची शिलाई, मामेसासूंचं ‘जरा एवढं घट्ट करून दे गं’. लग्नसराईत भर दुपारचे तास त्यात जातात आणि पैशाचं गिऱ्हाईक ‘झालं नाही का अजून?’ म्हणत परत जातं. तेव्हा कार्डशीटवर ते चिकटलं पाहिजे, न दिलेल्या शिलाईचा हिशेब असलेलं वहीचं पानच.

त्या पानाखाली एक ओळ, आणि ती ‘तर’ने जोडलेली असावी. घरचं काम आलं तर ते फक्त मंगळवारी हातात घेईन. कुणी ‘पैसे नंतर देते’ म्हणालं तर कपडा देताना वही पुढे करीन. हे पोरकट वाटेल, पण मानसशास्त्रात इतक्या भरवशाच्या गोष्टी थोड्या आहेत. पीटर गोलविट्झर यांनी जर्मनीत विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीतलं एक काम दिलं: नाताळची संध्याकाळ कशी घालवली ते दोन दिवसांत लिहून पाठवायचं. कबूल सगळ्यांनीच केलं. ज्यांना कुठे बसून, केव्हा लिहिणार हे आधी ठरवायला लावलं होतं त्यांच्यातल्या जवळजवळ तीन चतुर्थांशांनी पाठवलं. बाकीच्यांपैकी एक तृतीयांशांनी. २००६ मध्ये गोलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही या ‘असं झालं तर तसं करीन’चा परिणाम मध्यम ते मोठा निघाला.

खरं तर आपल्या भिंतीवर असा फलक आधीपासून आहेच. १९७३ पासून घराघरात लटकणाऱ्या कालनिर्णयच्या चौकोनात दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, भिशीचा दिवस, मुलीच्या फीचा हप्ता हे सगळं बॉलपेनने लिहिलेलं असतं आणि त्यातलं सहसा काही चुकत नाही. त्या कामांना कुणी ध्येय म्हणत नाही म्हणून ती पार पडत असावीत.

मोठं स्वप्न लिहूच नये, असा याचा अर्थ कुणी काढू नये. कॅलिफोर्नियात सॅन मरिनो इथल्या हंटिंग्टन ग्रंथालयात ऑक्टेव्हिया बटलर या कृष्णवर्णीय विज्ञानकथालेखिकेची कागदपत्रं आहेत. आई लोकांच्या घरी कामाला, स्वतः बटलरबाईंनी भांडी घासली, वेफर्सच्या कारखान्यात तपासनिशी केली, आणि पहाटे दोन-तीनला उठून लिहिलं. १९८८ सालच्या एका वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर त्यांनी स्वतःला बजावलं आहे की माझी पुस्तकं खपाच्या यादीत येतील, चांगल्या वस्तीत घर घेईन, गरीब कृष्णवर्णीय मुलांना क्लॅरियनच्या लेखन शिबिराला पाठवीन. ही पानं आता इंटरनेटवर फिरतात आणि व्हिजन बोर्डचा पुरावा म्हणून दाखवली जातात. पण याच कागदांत स्वतःशी केलेले करार आहेत, रोजच्या लिखाणाची वेळापत्रकं आहेत, किराणा आणि भाड्याचे हिशेब आहेत. फिरतो तो तेवढा पुठ्ठा. १९९५ मध्ये त्यांना मॅकार्थर फेलोशिप मिळाली, २००६ मध्ये त्या गेल्या, आणि ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत आलं ते २०२० च्या सप्टेंबरमध्ये. क्लॅरियनला जाणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली तीही त्यांच्या मागे.

फलक कुठे टांगायचा? कार्यशाळेत सांगतात की सगळ्यांना दिसेल असा. मी म्हणेन कपाटाच्या दाराला आतून. गोलविट्झर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये छापलेल्या प्रयोगांत कायद्याचे विद्यार्थी होते. चांगला वकील होण्याचा आपला इरादा दुसऱ्याने वाचला आणि त्याची दखल घेतली की पुढच्या अभ्यासाच्या कामाला त्यांनी वेळ कमी दिला. हॉलमध्ये लावलेला बोर्ड पाहून पाहुणे ‘वा, काय जिद्द आहे’ म्हणाले की निम्मं समाधान चहाबरोबरच मिळून जातं.

आणि उतरवायचा केव्हा? याबद्दल कार्यशाळेत अवाक्षर निघत नाही. पुण्यात सदाशिव पेठ-नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांच्या कॉट बेसिसच्या खोल्यांत भिंतींवर नकाशे असतात, अभ्यासक्रमाच्या झेरॉक्स असतात, आणि आपल्या नावापुढे ‘उपजिल्हाधिकारी’ लिहिलेली पाटी असते. पूर्वी लाल दिव्याची गाडीही असायची. १ मे २०१७ पासून सरकारी गाड्यांवरचे लाल दिवे गेले, बोलण्यातून अजून गेलेले नाहीत. पाटी लावणाऱ्या मुलाला ती उतरवायला कुणी शिकवत नाही, कारण उतरवणं म्हणजे हरणं असं त्याला घरून, मेसमधून, मोटिव्हेशनच्या व्हिडिओतून रोज ऐकायला मिळतं. एटिंगनच्या पद्धतीचा एक गुण इथे कामी येतो. इच्छा आणि अडथळा शेजारी शेजारी ठेवले की जिथे यश यायची शक्यता आहे तिथे माणूस जोर लावतो, आणि जिथे नाही तिथे आपण होऊन हात सोडतो. कार्स्टन रोश आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की न जमणारं ध्येय सोडता येणाऱ्यांची मनःस्थिती ते धरून बसणाऱ्यांपेक्षा चांगली असते. पण सोडणं आणि नवं धरणं ही त्यांच्या मोजमापात दोन निरनिराळी कौशल्यं निघाली. एक आलं म्हणून दुसरं येतंच असं नाही. म्हणून पाटी उतरवली की त्याच आठवड्यात तिच्या जागी काहीतरी लावावं. मुलं ज्याला ‘प्लॅन बी’ म्हणतात, त्याचंही देखणं चित्र नको. आधीच्या वर्षी अभ्यास सोडून कामाला लागलेल्या रूममेटचा नंबर, आणि त्याला कुठल्या वारी किती वाजता फोन करायचा ते.